एक चाल, दोन धनी

आमच्या ओआशाच्या डोंगराळ मुलखात पोराला मिसरूड फुटलं की त्याला दोन गोष्टी लागतात, टोपी आणि स्वतःची चाल. टोपी बाजारात मिळते. चाल माझ्याकडे मिळते. रविवारी दुपारी पोरगा नाचाला येतो, माझ्यासमोर छाती काढून उभा राहतो, नरडं ताणून दोन ओळी ओरडतो, आणि मी त्या ओरडण्याच्या मागे व्हायोलिनचा गज लावतो. जमलं की ती चाल त्याची झाली, मरेपर्यंत. पुढे कुठल्याही लग्नात तो समोर आला की मी तीच वाजवायची, आणि दुसऱ्या कुणासाठी ती वाजवायची नाही. पूर्वी कुणाची चाल कुणाला वाजवली तर सुरे निघायचे. हल्ली अबोला धरतात, आणि आमच्या लोकांचा अबोला तीन पिढ्या चालतो.

मी तोदेर. वय वर्षं सत्तर. माझ्या डोक्यात दोनशे चाळीस माणसांच्या चाली आहेत, त्यांतली दीडशे माणसं आता मातीखाली गेली. झोपेतून उठवून विचारा, कुणाचीही वाजवून दाखवतो. बायकोचा वाढदिवस तेवढा विचारू नका. लोक म्हणतात, तोदेरचा शब्द फिरेल एक वेळ, पण चाल फिरायची नाही. हे ऐकलं की मी मान खाली घालतो. लोकांना वाटतं, काय नम्र माणूस आहे! नम्र कसला डोंबलाचा, मला लाज वाटते म्हणून घालतो.

कारण एकोणिसाव्या वर्षी मी एक पाप करून बसलोय.

त्या वर्षी माझा बाप गेला आणि डोंगराच्या अलीकडचं आणि पलीकडचं अशा दोन गावांचं वाजवणं माझ्या गळ्यात पडलं. ईस्टरच्या रविवारी आमच्या गावचा गाव्रिल आला. मेंढ्या राखणारा, अंगाने काडी, आवाज मात्र या डोंगरावरून त्या डोंगराला ऐकू जाईल असा. म्हणाला, "तोदेर, लेका, चाल दे. चांगली दे, मला आज एका मुलीसमोर नाचायचंय." मी दिली. आदल्याच आठवड्यात कुंपण दुरुस्त करताना ती मला सुचली होती. बापाकडून आलेली नव्हती, कुणा मेलेल्याची नव्हती, माझी होती. गाव्रिल त्या चालीवर असा नाचला की मुलगी पटली. आज त्यांना सात नातवंडं आहेत.

पंधरा दिवसांनी पलीकडच्या गावात गेलो, तर आक्सेन्ते समोर. जंगलातून घोड्यांनी ओंडके ओढून आणायचं काम, खांदे दरवाजात मावत नव्हते. "चाल काढ," म्हणाला. मी एक वाजवली. "ही नको." दुसरी वाजवली. "ही म्हातारीची आहे." तिसरी, चौथी. मग त्याने माझ्या व्हायोलिनची मान दोन बोटांत धरली आणि हसला. आता सांगा, एकोणीस वर्षांच्या पोराने काय करावं? माझी बोटं आपोआप त्या चालीवर गेली. आक्सेन्ते उडीच मारून ओरडला, "हीच!" झालं. एकाच मुलीचं लग्न मी पंधरा दिवसांत दोन घरी लावून दिलं.

माझ्या डाव्या हाताला तेव्हाही नास्तासियाच होती. अजून लग्न झालं नव्हतं आमचं. ती झोंगोरा वाजवते. झोंगोरा म्हणजे गिटारच, पण तारा तीन, आणि छातीशी उभी धरून खरडायची. तिने नाच संपल्यावर मला एवढंच विचारलं, "ही गाव्रिलची नव्हे का?"

"गप्प बस."

"मी गप्पच आहे. पण ते दोघं एका जागी आले की तुमचं काय होईल, तेवढं बघा."

मी म्हटलं, मध्ये अख्खा डोंगर आहे, कशाला येतील एका जागी? आणि एक्कावन्न वर्षं मी ते होऊ दिलं नाही. जत्रेत दोघं दिसले की मला ताप भरायचा. एकदा तर दोघंही टोप्या मागे सारून माझ्याकडे यायला लागले, तेव्हा मी सरळ चक्कर येऊन पडलो. घोड्याच्या पाण्याची बादली माझ्या तोंडावर ओतली लोकांनी. नास्तासिया शेजारी बसून डोक्याच्या रुमालाने वारा घालत होती आणि हळूच म्हणत होती, "पडायचं तर नीट पडा, एक डोळा उघडा आहे तुमचा." कुठल्याही दिवशी त्या दोघांच्या चाली मी एकामागून एक वाजवल्या नाहीत. एक वाजवली की मध्ये निदान एक रविवार जाऊ द्यायचा, असा माझा नेम होता.

डोंगर मध्ये होता म्हणून मी निर्धास्त होतो. पण पॅरिसला डोंगर नाही. आमची सगळी तरणी पोरं तिकडे भिंती बांधायला आणि लाद्या पुसायला जातात, आणि ऑगस्टमध्ये गाड्या भरून लग्नं करायला घरी येतात. गाव्रिलचा नातू दोरिन तिकडे गिलावा करत होता, आक्सेन्तेची नात इलिंका तिकडे हॉटेलात खोल्या आवरत होती. भेटली, आवडली, ठरलं. मी भोपळ्याच्या बिया खात अंगणात बसलो होतो तेव्हा दोरिन हे सांगायला आला, आणि बी माझ्या घशात अडकली.

"तोदेरमामा, तुम्ही वाजवायचं हं. ऑर्गनवाला पण आणतोय आम्ही शहरातून, मोठे स्पीकर आहेत त्याचे, पण ते पोरांसाठी. आजोबा म्हणाले, तोदेर नसेल तर मी लग्नाला पाय ठेवणार नाही."

"कुठले आजोबा?" मी खोकत विचारलं.

"दोन्ही."

तो गेल्यावर मी नास्तासियाला म्हटलं, "माझं कंबरडं धरलंय. सांग त्यांना."

"सत्तर वर्षांत धरलं नाही ते आज बरं धरलं!" ती कोबीची पानं उकळत होती, मागे वळूनसुद्धा बघितलं नाही. "पोरांचं लग्न मोडायचंय का तुम्हाला? दोघं म्हातारे अडून बसले आहेत. जा आणि वाजवा."

"आणि ते दोघं समोर आले की? सगळ्या वऱ्हाडासमोर? अगं, एक्कावन्न वर्षं लोक म्हणतायत तोदेरची चाल फिरत नाही. दोन घरची माणसं एकमेकांना चोर म्हणतील, आणि मग दोघं मिळून मला. त्या पोरीला मुंडावळी सोडून माहेरी जावं लागेल." आता आमच्याकडे मुंडावळी नसतात, मण्यांचा मुकुट असतो आणि तो केसांत विणायला चार तास लागतात, पण घाबरल्यावर माणूस काहीही बोलतो.

"मग आधीच जाऊन कबूल करा."

"वेडी आहेस का?"

"मग भोगा," ती म्हणाली, आणि झाकण ठेवलं.

तीन आठवडे मला जेवण गेलं नाही. म्हणजे गेलं, पण चव लागली नाही.

लग्नाच्या दिवशी चर्चमधून सगळे थेट भूछत्राखाली आले. नाचाच्या जागेला आम्ही भूछत्रच म्हणतो. मध्ये एक जाड खांब, वर गोल लाकडी छप्पर, खाली फळ्या. एका बाजूला ऑर्गनवाला फ्लावियू आपले स्पीकर मांडून बसला होता. काळा चष्मा, केसांना तेल. मला बघून म्हणाला, "आजोबा, तुमचा स्वर फार वर आहे, माझं यंत्र तिथे पोचत नाही."

"आमच्याकडे तारांखालची घोडी सरकवून तारा ताणतात, बाळा. माणसं वर ओरडतात म्हणून. तुझ्या यंत्राला सांग, टाचा उचल."

तो हसला. पोरगा वाईट नव्हता. त्याने तासभर वाजवलं, पॅरिसवाली पोरं घाम गाळत नाचली, फळ्या हलल्या. मी मनात म्हणत होतो, वाजव रे बाबा, संध्याकाळपर्यंत वाजव. पण वऱ्हाडाच्या पुढे चालणाऱ्या झेंडेकऱ्याने घुंगरांचा झेंडा हलवला, स्पीकर बंद झाले, आणि दोन म्हातारे दोन बाजूंनी उठले.

आक्सेन्तेचे खांदे अजून तसेच होते, फक्त थोडे खाली आले होते. गाव्रिल काठी टेकत आला. दोघं माझ्यासमोर एका फळीवर उभे राहिले, वीतभर अंतरावर.

"मुलीकडचा पहिला," आक्सेन्ते म्हणाला. डोकं मागे टाकून ओरडला:

*डोंगरा रे डोंगरा, वाकव तुझी पाठ,*
*आक्सेन्तेच्या घोड्यांना मोकळी दे वाट!*

मी डोळे मिटले आणि वाजवलं. दुसरं काय करणार? झोंगोरा शेजारी खरडत होती. आक्सेन्ते जागच्या जागी टाचा आपटत होता, तुटक, चपळ, घोडा फुरफुरावा तसा. मी गाव्रिलच्या मुठीची वाट बघत होतो. चाल संपली. मी एक डोळा उघडला.

गाव्रिल जांभई देत होता.

"झालं याचं?" तो म्हणाला. "आता माझी वाजव." आणि ओरडला:

*मेंढ्या गेल्या वरती, कुत्रा गेला खाली,*
*मधल्यामधे गाव्रिलाची जवानी उडून गेली!*

मी वाजवलं. गाव्रिल प्रत्येक शब्द ताणत होता, एका स्वरावरून दुसऱ्यावर जाताना घशात गाठी घालत होता, मेंढपाळ दरीपलीकडच्या माणसाला हाक मारतो तसा. माझा गज त्याच्यामागे सावकाश जात होता. आणि वाजवता वाजवता माझ्याच कानांवर माझा विश्वास बसेना. अहो, ही ती चाल नव्हती! म्हणजे होतीही. पण आत्ता आक्सेन्तेची वाजवली, ती निराळी होती. आमच्याकडे वाजवणारा माणसाच्या ओरडण्यामागे जातो. गाव्रिल दरवर्षी केसभर लांबला, मी केसभर लांबलो. आक्सेन्ते दरवर्षी केसभर तुटक झाला, मीही झालो. रोज बघणाऱ्याला मूल वाढलेलं कळत नाही. आणि मी तर मुद्दाम दोघांना शेजारी शेजारी कधी ऐकलंच नव्हतं.

नास्तासियाने माझ्या पायावर पाय दिला. "सुटलात," ती पुटपुटली. "आता तोंड बंद ठेवा."

मी ठेवलं असतं. देवाशपथ ठेवलं असतं. पण आक्सेन्ते गाव्रिलला म्हणाला, "व्याही, राग मानू नका, पण ही काय चाल म्हणायची? आजारी गाय गोठ्यात हंबरते तशी."

"आणि तुमची? कोंबडीचे पाय निखाऱ्यावर पडल्यासारखी," गाव्रिल म्हणाला. "ती चाल कुणी फुकट दिली तरी मी कुत्र्याच्या गळ्यात बांधणार नाही."

"तुमची तर मी कुत्र्यालाही ऐकवणार नाही."

दोघं खुशीत होते. व्याह्यांनी एकमेकांची उणीदुणी काढायचीच असतात, वऱ्हाड हसत होतं, कुणी पालिंकाचे, म्हणजे आमच्या घरगुती दारूचे, पेले भरत होतं. सगळं छान चाललं होतं. आणि माझं डोकं फिरलं. एक्कावन्न वर्षं मी जिच्यासाठी भीतीने अर्धा झालो, ती चाल म्हणे आजारी गाय! ती चाल म्हणे कोंबडी!

"गाढवांनो!" मी ओरडलो. "ती एकच आहे!"

पेले भरणारा बाटली धरून माझ्याकडे वळला.

"एकच चाल आहे ती! माझी आहे! एकोणिसाव्या वर्षी मी ती दोघांनाही दिली. आधी याला, मग त्याला. फसवलं मी तुम्हाला. काय करायचं ते करा, पण तिला गाय म्हणायचं नाही!"

नास्तासियाने कपाळाला हात लावला. मी व्हायोलिन पोटाशी धरून मार खायची तयारी केली.

आणि वऱ्हाड हसायला लागलं. आधी एक बाई हसली, मग सगळेच. गाव्रिलने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मायेने म्हणाला, "अरे तोदेर, उपाशी पोटी पिऊ नये रे."

"मी प्यायलेलो नाही!"

"वय झालं आता. होतं असं," आक्सेन्ते म्हणाला. "माझ्या चुलत्यालाही शेवटी सगळ्या घोड्या एकसारख्या दिसायच्या."

फ्लावियूने दोन्ही चाली फोनवर घेतल्या होत्या. त्याने एक कान झाकून दोन्ही ऐकल्या आणि डॉक्टरसारखी मान हलवली. "आजोबा, या वेगळ्याच आहेत. ताल वेगळा, वळणं वेगळी. काही संबंध नाही."

एक्कावन्न वर्षं ज्या गुन्ह्याची भीती होती तो मी चारशे माणसांसमोर कबूल केला, आणि कुणी मानायला तयार नाही! यापेक्षा मार परवडला असता.

"मग पहिली वाजवून दाखवा ना, मामा," दोरिन म्हणाला. तो हसत नव्हता. शेजारी इलिंका मण्यांच्या मुकुटाखाली मान ताठ धरून उभी होती, ती पण ऐकत होती. "तुम्हाला सुचली होती तशी. म्हणजे कळेल."

"आत्ता वाजवतो," मी म्हटलं.

गज लावला, आणि गाव्रिलची निघाली. "ही नाही, थांबा." पुन्हा लावला. आक्सेन्तेची निघाली. पुन्हा गाव्रिलची. कुंपण आठवलं, हातातला हातोडा आठवला, ओल्या लाकडाचा वास आठवला. चाल आठवेना. दोनशे चाळीस माणसांच्या चाली जपल्या मी, मेलेल्यांच्या जपल्या, आणि आयुष्यात एकच स्वतःची सुचली ती माझ्याकडे नव्हती. दोघांनी आपापल्या बाजूने ओढून ती नेली होती, आणि मीच त्यांच्यामागे गज घेऊन धावलो होतो. मला रडू आलं. लपवण्यात अर्थ नाही, सगळ्यांनी बघितलं. हसणं थांबलं.

"अहो," नास्तासिया म्हणाली. "इकडे बघा."

"काय बघू?"

"तुमचा हात बदलला. माझा कुठे बदललाय? त्या ईस्टरला जे खरडलं तेच या दोघांच्या खाली आजवर खरडत आले. तुम्ही वर काय काय नाचलात ते तुमचं तुम्हाला ठाऊक. ऐका."

आणि ती एकटी वाजवायला लागली. तीन तारा, वरून खाली, खालून वर, मध्ये एक हलकासा अडखळा. त्यात चाल काहीच नव्हती, नुसता खरखराट. फ्लावियू चष्मा काढून तिच्या मनगटाकडे बघायला लागला. मी ऐकलं. एवढी वर्षं ती डावीकडे होती आणि मी ऐकलं नव्हतं, माझं लक्ष सगळं समोर. गाव्रिलचं लांबणं त्या खरडण्यात बसत नव्हतं, बाहेर सांडत होतं. आक्सेन्तेचं तुटणं अपुरं पडत होतं. मधे जागा होती ती बरोबर एका चालीची. मी गज अलगद तिथे ठेवला.

पहिलं वळण गेलं. दुसरं गेलं. माझ्या बोटांना माझ्याआधी कळलं होतं.

समोर दोन टाचा एकाच वेळी फळीवर पडल्या.

"हीच!" गाव्रिल ओरडला. काठी टाकून दिली त्याने. "हीच माझी! ईस्टरच्या दिवशीची! हिच्यावर मी माझ्या बायकोला..."

"हीच!" आक्सेन्ते त्याच क्षणी ओरडला. "हीच माझी!"

दोघं थांबले. एकमेकांकडे वळले. मग दोघंही माझ्याकडे बघायला लागले, मग पुन्हा एकमेकांकडे. आक्सेन्तेचा चेहरा मानेपासून लाल होत वर गेला. त्याने गाव्रिलची कॉलर धरली.

"चोरा! माझी चाल?"

"तुझी? तुझ्याआधी पंधरा दिवस माझी होती, त्यानेच सांगितलं आत्ता!" गाव्रिलने त्याची कॉलर धरली.

वऱ्हाडात बायका किंचाळल्या. इलिंकाने मुकुट दोन्ही हातांनी धरला आणि दोरिन मध्ये पडायला धावला. ज्याला मी एक्कावन्न वर्षं भ्यायलो ते माझ्या नाकासमोर होत होतं, आणि मला भीती वाटत नव्हती. मला त्या दोघांच्या पायांकडे बघून हसू येत होतं. हात कॉलरीवर होते, तोंडाने शिव्या चालल्या होत्या, पण खाली चारही टाचा तालात पडत होत्या. एकही चुकत नव्हती. मग शिव्याही तालात पडायला लागल्या. आक्सेन्ते घोड्यांच्या ओळी ओरडला, गाव्रिल मेंढ्यांच्या, एकाच वेळी, एकमेकांच्या तोंडात तोंड घालून, आणि कॉलर कुणीच सोडली नाही. दोरिन मध्येच थांबला. त्याने इलिंकाकडे बघितलं, आणि ती मुकुट सांभाळत फळीवर आली.

मला माहीत होतं, चाल संपली की हे दोघं माझ्याकडे वळणार.

"थांबू नका," नास्तासिया म्हणाली.

मी थांबलो नाही.